आई सांगायची ते शेवट

माझ्या आईने एकही सिनेमा कधी वाईट संपू दिला नाही. टॉकीजमध्ये तो कसाही संपो. दुसऱ्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडायला बसली आणि इमारतीतल्या तीनचार बायका भोवती जमल्या, की सिनेमा तिच्या ताब्यात यायचा. गोळी लागलेला भाऊ दवाखान्यात डोळे उघडायचा, ताटातूट झालेली माणसं स्टेशनवर भेटायची, सासवा तर हमखास सुधारायच्या. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू आईने सांगितलेला सिनेमा मुद्दाम जाऊन बघून आल्या आणि तशाच तणतणत आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही तर म्हणालात हिरो वाचतो! तो मेला की!"

आईने तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. "तुम्ही गेलात त्या टॉकीजमध्ये मेला असंल," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर लागले म्हणून पुण्यात आलो आणि पहिली खोली कसब्यात मिळाली म्हणून कसब्यातच राहिलो. पुढे त्याच गल्लीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, पण पेठ सोडली नाही. बाबांची भाषा पाचसहा वर्षांत पुणेरी झाली. आईची काही केल्या झाली नाही. ती अजूनही "भाजी करतेय" न म्हणता "भाजी करून राहिली" असंच म्हणते. आमच्या वाण्याने एकदा तिला विचारलं होतं, "भाजी करून कुठे राहिलात, बाई?" पुण्यात याला चौकशी म्हणतात. आईला त्यातलं तिरकं कळायचं नाही, आणि मला सगळं कळायचं, म्हणून चिडायचं काम घरात माझ्याकडे असायचं.

मला नोकरी लागली त्याच सुमारास बाबांची सुटली. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी नवी यंत्रं आली आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना हार घालून, स्वेच्छानिवृत्ती म्हणून, घरी पाठवण्यात आलं. कोणाची स्वेच्छा, ते कोणी विचारलं नाही. इकडे मी नदीपलीकडच्या एका बंगल्यात थाटलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. नवं शतक येणार, कॉम्प्युटरला सालातले दोनच आकडे माहीत, म्हणून दिवसभर त्याला उरलेले दोन शिकवायचे, एवढंच माझं काम. आई मात्र शेजारी सांगायची की माझी पोरगी एक दिवस रजेवर गेली तर जगातल्या बँका बंद पडतील. ते ऐकून मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाबांच्या डोळ्यांचं लक्षात यायला उशीर झाला. रस्त्यात कडेला लावलेल्या सायकली त्यांना लागायला लागल्या. ताटाशेजारचा पेला हाताने उलथायचा. "नंबर वाढला असेल," ते म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. शेवटी मी जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं तेव्हा समोरचं माणूससुद्धा त्यांना आवाजावरून ओळखावं लागत होतं.

डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत औषध घालून बाबांना बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसवलं आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. काचबिंदू आहे, म्हणाले. फार आधी यायला हवं होतं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नसते, ऑपरेशनने नाही आणि कशानेच नाही. उरलाय तेवढा उजेड-सावलीचा फरक थेंब घालून टिकवायचा. मग त्यांनी चष्मा काढला आणि आईकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा. लवकर सांगाल तेवढं चांगलं. काठी घेऊन चालायला शिकवतात, स्वतःची कामं स्वतः करायला शिकवतात. या वयातली माणसं शिकतात हो. पण आधी माणसाने मनाची तयारी केली पाहिजे."

आईने मान डोलावली. बाहेर आली. बाबांच्या शेजारी बसली.

"काय म्हणाले?" बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"मोतीबिंदू आहे," आई म्हणाली. "अजून पिकला नाही. पिकला की काढतीन."

मी तिथेच उभी होते. बाबांचा चेहरा असा सैल झाला की खरं काय ते माझ्याच्याने सांगवेना. मोतीबिंदू म्हणजे काय, सगळ्यांच्याच घरात होतो. पिकतो, काढतात, हिरवी पट्टी लावतात, आठवड्याने माणूस पेपर वाचायला लागतं. बाबा उठले आणि म्हणाले, "चला, मग वाट बघू."

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी आईवर तुटून पडले. हळू आवाजात भांडणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमवलं. आई पोळ्या लाटत होती.

"सांगून नजर येणार हाय का?" तिने विचारलं. घुश्शात आली की तिची भाषा आणखी गावाकडे जायची.

"नाही."

"मंग काऊन सांगायचं?"

"कारण ते खरं आहे!"

"तुझ्या त्या खऱ्यानं त्यांना जेवण जाईन काय?" ती म्हणाली. "त्यांना काय सांगायचं ते मी पाहीन. तू तुझ्या मशिनीला सांग काय सांगायचं ते."

त्यानंतर मी दोनतीनदा तोंड उघडलं, पण प्रत्येक वेळी आई अशी बघायची की मी गप्प व्हायचे. तपासणीला गेलो की डॉक्टरांच्या प्रश्नांना बाबांच्या आधी तीच उत्तरं द्यायची. थेंबांच्या बाटलीला तिने नाव ठेवलं होतं "पिकवायचे थेंब". बाबा सकाळ-संध्याकाळ मान मागे टाकून ते घालून घ्यायचे आणि मिटल्या डोळ्यांनी विचारायचे, "यंदा पिकेल ना गं?"

आणि मग सगळंच पिकायची वाट बघायला लागलं. कारखान्यातले दोस्त फिरायला बोलवायला यायचे. बाबा म्हणायचे, ऑपरेशन होऊ दे, मग रोज येतो. गावी पुतण्याचं लग्न निघालं. ऑपरेशननंतर आशीर्वाद द्यायला येईन, असा निरोप गेला. भोसरीला एक छोटा कारखानदार नुसतं येऊन बसा, नव्या कामगारांना चार गोष्टी सांगा, म्हणून विनवत होता; त्यालाही तेच उत्तर. बाल्कनीतल्या खुर्चीत बाबा सकाळी बसायचे ते संध्याकाळी आई हात धरून आत आणेपर्यंत. घास आई कालवून द्यायची, बटणं आई लावायची. काही करायला हात पुढे केलाच तर स्वतःच मागे घ्यायचे. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणायचे.

मला भीती बाबांच्या डोळ्यांची नव्हती. डोळ्यांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. हा चांगला धडधाकट माणूस त्या खुर्चीत वाट बघत बघतच संपेल, ही भीती होती, आणि ती मला ऑफिसातसुद्धा सोडायची नाही.

असं वर्ष गेलं. आमच्या शेजारची जुनी इमारत बिल्डरने घेतली होती. तेव्हा कसब्यात दर महिन्याला कोणाची तरी इमारत बिल्डर घेत होता. एका रविवारी सकाळपासून तिथे बोअर मारायला सुरुवात झाली. भांडी मांडणीवर नाचायला लागली. बाबांनी अकरापर्यंत कळ काढली, मग खुर्चीतून ओरडले, "अरे, कुठेही न्या मला! डोळे तरी परत मिळतील, कान गेले तर कोण देणार आहे?"

आईने संधी साधली. "सिनेमाला जायचं?" वर्षभरात तिने टॉकीजचं तोंड पाहिलं नव्हतं.

जवळच्या जुन्या थेटरात एक हिंदी सिनेमा लागला होता. महायुद्धाच्या काळातल्या एका खेड्याची गोष्ट, असं पेपरात आलं होतं. आईने दहादा विचारलं, मारामाऱ्या नाहीत ना, रक्त नाही ना. मी म्हटलं, अगं, लढाई तिकडे लांब आहे, गोष्ट गावातली आहे. एवढ्या जवळ यायला रिक्षावाला तयार नव्हता. मी त्याच्याशी कडाकडा भांडले, तेव्हा तो कपाळाला हात लावून तयार झाला.

दुपारचा खेळ, थेटर अर्ध्याहून जास्त रिकामं. बाबा मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला मी. अख्खं थेटर मोकळं असताना एक गृहस्थ नेमके आमच्या मागच्या रांगेत येऊन बसले. साठीचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. बहुधा तिकिटावरच्या नंबरावरच बसायचं, असा त्यांचा नेम असावा.

सिनेमा सुरू झाला आणि आईसुद्धा सुरू झाली.

"गाव हाय. घरं मातीची. एक म्हातारी, तिचा एक पोरगा, सून. पोरगा पलटणीत भरती होऊन राहिला... टोपी घातली... आता मायच्या पाया पडून राहिला..."

"अहो बाई," मागून आवाज आला, "सिनेमा आम्हालाही ऐकायचाय."

मी वळले. "त्यांना दिसत नाही!"

गृहस्थांनी बाबांकडे बघितलं. "असं होय. मग सांगा. पण एक पट्टी खाली."

गोष्ट साधी होती. मुलगा लढाईवर गेला आणि म्हातारीने गावासमोर सांगून टाकलं, माझं शेत माझा पोरगाच येऊन पेरेल, तोवर त्याला कोणी हात लावायचा नाही. बियाणं मडक्यात भरलं, मडक्याचं तोंड बांधलं आणि मुलाच्या खोलीला कडी घातली. रोज ती शेताच्या बांधावर उभी राहून रस्त्याकडे बघत बसायची. पाऊस यायचा, जायचा. आजूबाजूची शेतं हिरवी, हिचं काळं. घरात खायचे वांधे, सून हातापाया पडते, गावकरी समजावतात. मग मुलगा बेपत्ता असल्याची खबर येते, तर म्हातारी म्हणते, बेपत्ता म्हणजे मेला नाही ना? मग येईल.

मला त्या म्हातारीचा राग येत होता. मनातल्या मनात म्हणत होते, अगं बाई, ऊठ की आता! आणि शेजारी बाबा पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सगळा जीव कानात आणून बसले होते.

मध्यंतरात मी बटाटेवडे आणले. बाबांनी विचारलं, "येईल का गं तिचा पोरगा?"

"येतेच न," आई म्हणाली. "पाहाच तुम्ही." तीही सिनेमा पहिल्यांदाच बघत होती, पण तिचं आधीच ठरलं होतं.

शेवट आला तेव्हा पडद्यावरचं बोलणं बंद झालं. गाणं नाही, बाजा नाही, नुसता वारा आणि लांबून येणाऱ्या लॉरीचा आवाज. लढाई संपलेली. आई सांगत होती, आणि अजून तरी खरं सांगत होती. "लॉरी येऊन राहिली. सारं गाव धावून राहिलं. एक पोरगा उतरला, त्याची बायको पळाली... दुसरा उतरला, त्याला एक हात नाही... आणखी एक उतरला..."

पडद्यावर लॉरी रिकामी झाली. ड्रायव्हरने म्हातारीकडे बघून मान हलवली. लॉरी वळली, धूळ उडाली आणि गेली. माणसं आपापल्या घरी निघाली. रस्त्यात म्हातारी एकटी.

आई थांबली.

"अन् तिचा?" बाबांनी विचारलं. "अगं, तिचा उतरला का?"

मला आईचा श्वास ऐकू आला. "उतरला," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी. पायाला लागलंय थोडं, पण उतरला. मायच्या गळ्यात पडला. दोघंही रडून राहिले."

बाबा मागे टेकले. चेहऱ्यावर तेच, त्या दिवशी डॉक्टरांच्या बाकावर आलं होतं ते समाधान.

"कोण उतरला?" मागून आवाज आला.

गृहस्थांनी मांडीवरची पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"अहो बाई, कोणीही उतरलेलं नाहीये. लॉरी निघून गेली. रस्ता रिकामा आहे."

मी गर्रकन वळले. वर्षभर मला जे ओरडून सांगायचं होतं तेच हा माणूस सांगत होता, आणि तरी मला त्याचा गळा धरावासा वाटला. "तुम्हाला काय करायचंय हो?"

"मला काहीच करायचं नाही," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "पण त्यांनीही तिकीट काढलंय ना? मग जे चाललंय ते त्यांना कळायला नको?"

बाबा हळूच सरळ झाले आणि त्यांनी मान मागे वळवली.

"मग काय चाललंय?" त्यांनी विचारलं. आईला नाही, त्या माणसाला.

गृहस्थ पुढे वाकले, आई-बाबांच्या खुर्च्यांच्या मध्ये तोंड आणलं आणि बातम्या सांगाव्यात तसं सांगायला लागले.

"म्हातारी उभी आहे. एकटी. रस्त्याकडे बघतेय... अजून बघतेय. बराच वेळ दाखवतायत. आता वळली. घराकडे निघाली. आत शिरली. ती कडी घातलेली खोली आहे ना, ती उघडली. मडकं उचललं. तोंडाचं फडकं सोडतेय. हात आत घातला, दाणे वर काढून बघितले. सून दारात उभी आहे. बोलत नाहीत दोघी."

"मग?"

"आता शेत. बैल जुंपलेत. मागे काहीतरी लाकडी अवजार आहे. खाली तीन दात, वर वाडग्यासारखं काही."

"तिफण," बाबा म्हणाले.

"असेल. मी शनिवार पेठेतला. आमची शेती म्हणजे कुंडीतली तुळस." गृहस्थांनी चष्मा सारखा केला. "सून बैल हाकतेय. म्हातारी मागून चालतेय. त्या वाडग्यात मूठ धरलीय."

"चाड्यावर," बाबा म्हणाले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता आणि मूठ वळली होती. "रडतेय का?"

गृहस्थांनी पुन्हा पडद्याकडे मान केली. नीट बघून घेतलं. "नाही. रडत नाहीये. दाणे पडतायत तिकडे बघतेय. रेघ सरळ चाललीय. रस्ता पाठीमागे राहिला."

"पाठ आहे रस्त्याकडे?"

"पाठ आहे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "संपला. आता नावं येतायत. वाचू का?"

"नको," बाबा म्हणाले. "आभारी आहे."

दिवे लागले. गृहस्थ उठले, पिशवी काखेत मारली. जाताना म्हणाले, "रांगेच्या टोकाला एक पायरी आहे. ती कोणालाच दिसत नाही. सांभाळून." आणि मागे न बघता चालते झाले. गोड बोलून जाणं त्यांच्या हिशेबात नसावं.

थेटर रिकामं झालं. बाबा उठेनात.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" त्यांनी विचारलं.

"कधी?" आई म्हणाली.

"पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा. तुम्हा दोघींना आत बोलावलं होतं."

"मोतीबिंदू हाय, पिकला की..."

"ते तू म्हणालीस. डॉक्टर काय म्हणाले?"

आईने माझ्याकडे बघितलं. वर्षभर मी याच क्षणाची वाट बघत होते, पण आता मला वाटलं की हे आपण सांगायचं नाही. मी खाली बघितलं. आईने पदर हातात घट्ट धरला आणि एका दमात बोलून टाकलं.

"काचबिंदू हाय. पिकत नसते तो. गेली ते नजर येत नाही. हाय तेवढीच राहीन, तेही थेंब घातले तर."

"दोन्ही डोळ्यांची?"

"दोन्ही."

दारावरचा माणूस ओरडला, "चला, चला, खेळ संपलाय!" मी त्याहून मोठ्याने ओरडले, "माहितेय! थांबा जरा!" तो थांबला.

मला वाटलं होतं बाबा चिडतील, किंवा कोसळतील. त्यांनी आईचा हात शोधायला हात पुढे केला. आधी तिची पिशवी लागली, मग खुर्चीची कड, मग तिचा हात.

"अगं, वर्षभर हे तू एकटी घेऊन बसली होतीस?" ते म्हणाले.

आई एरवी सिनेमात रडायची ती पदर नाकाला लावून, बेताने. त्या दिवशी ती अशी रडली की दारावरचा माणूस आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मीही रडले. बाबा रडले नाहीत. ते तिचा हात थोपटत होते आणि पडद्याकडे तोंड करून बसले होते.

पण म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळं छान झालं, असं मी सांगणार नाही. ते आईचं काम. सोमवारी बाबांना राग आला, आणि चांगलाच आला. मला लहान पोर समजलात का दोघी, म्हणाले. आईशी बोलणं बंद केलं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. एकदा दुपारी कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "म्हणजे पिकणारच नव्हता." आणि बराच वेळ हसल्यासारखं काहीतरी करत राहिले. ते ऐकून मला आईचंच बरोबर होतं की काय, असं वाटून गेलं. आई मुकाट्याने थेंब घालायची. आता त्या बाटलीला ती कुठलंच नाव देत नव्हती.

पुढे बाबा काठी घेऊन चालायला शिकले. भोसरीला जायला लागले, आणि कोणाच्या लेथचा आवाज कसा येतोय यावरून तिथल्या पोरांना झापायला लागले. रविवारी आईबरोबर मार्केट यार्डात जाऊन कोथिंबिरीच्या गड्डीला नाक लावून हुज्जत घालायला लागले. त्यांचा अभिमान वाटावा असं पुष्कळ झालं. पण हे सगळं पुढचं. मला लख्ख आठवते ती त्या आठवड्यातली एक सकाळ.

मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. मोरीजवळच्या बेसिनपाशी पाणी वाहायचा आवाज येत होता. बघते तर बाबा उभे. वर्षभर कोपऱ्यावरचा सलूनवाला घरी येऊन त्यांची दाढी करून जायचा. आज त्यांनी चाचपत चाचपत फळीवरून ब्रश काढला होता, साबण फेसला होता आणि हातात वस्तरा, म्हणजे आपला साधा ब्लेडचा, धरला होता. आई कणकेच्या हातांनी धावली.

"अहो, लागंल!"

बाबांनी नुसता हात वर केला. आई जिथल्या तिथे थांबली.

आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. बाबा डाव्या हाताने गाल ताणत, बोटांनी चाचपत, एकेक पट्टा ओढत होते. फार वेळ लागला. माझी बस गेली. जाऊ दे म्हटलं. कानाजवळ रक्ताची रेघ आली, हनुवटीखाली केसांची अख्खी रांग तशीच राहिली, एका बाजूचा कल्ला वर गेला आणि दुसरा खाली. त्यांनी तोंड धुतलं, टॉवेल शोधला, पुसलं आणि आमच्या दिशेने चेहरा केला. तो चेहरा बघून मला हसावं की रडावं ते कळेना.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं. अबोला धरल्यापासून आईशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द होता.

आईने त्यांच्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, आणि छान झालीय हे तिच्या जिभेवर आलेलं मला अक्षरशः दिसलं. तिने ते गिळलं.

"वाईट," आई म्हणाली. "हनुवटीखाली तसंच राहिलं. कानापाशी कापलं. अन् एक कल्ला वर, एक खाली."

"कुठला वर?"

"उजवा."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा साबण लावायला घेतला.